ताऊन, तपासणी आणि मोहल्ला

रँडचा खून आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. २२ जून १८९७, पुणे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही इतिहास शिकवतो, आणि हा धडा मुले कान टवकारून ऐकतात, कारण त्यात पिस्तूल आहे. पण त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईच्या मदनपुऱ्यात काय घडले हे त्यांना ठाऊक नसते. त्यातल्या कित्येकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्याच गल्ल्यांत हातमाग चालवीत होते, तरीही ठाऊक नसते. आम्ही शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत ते नाही, आणि घरी सांगणारी पिढी केव्हाच गेली.

रोग तोच होता, कायदा तोच होता, तक्रारही तीच होती. परका माणूस घरात शिरतो आणि बायकामुलींना हात लावतो, ही ती तक्रार. पुण्यातली घटना देशभक्तीच्या प्रकरणात गेली आणि मदनपुऱ्यातली घटना ‘जुलाह्यांची दंगल’ म्हणून पोलिसांच्या दप्तरात पडून राहिली. रँडच्या खुनाचे किंवा दंगलीचे समर्थन करावे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण एकाच आगीच्या दोन ठिणग्यांना दोन वेगळी नावे का मिळाली, हे विचारण्याचा हक्क इतिहासाच्या शिक्षकाला असावा. आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की साथीच्या काळात माणूस सरकारचा नियम पाळतो तो कोणाच्या तोंडाकडे बघून पाळतो?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, माणसे तापाने आणि काखेतल्या, जांघेतल्या गाठींनी पटापट मरू लागली. मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. आपल्या लोकांत त्याला ताऊन म्हणत, मराठी मुलुखात मरी किंवा गाठीचा ताप. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यातले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. ज्यांना गाव होते ते गावी गेले. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकराला गाव हजार मैलांवर होते, आणि मागावर चढवलेला ताणा सोडून जायचे तर पोट कशाने भरायचे?

महानगरपालिकेने ६ ऑक्टोबर १८९६ रोजी फर्मान काढले. रोगी सापडला की त्याला सक्तीने हॉस्पिटलात न्यायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे. लोकांनी हॉस्पिटलकडे बघितले तेव्हा त्यांना एवढेच दिसले, की आत गेलेला माणूस बहुधा पाय पुढे करूनच बाहेर येतो. त्यात चूक काहीच नव्हते. औषध डॉक्टरांकडेही नव्हते आणि रोगी शेवटच्या घटकेला आणला जाई. पण जे दिसते त्याचा अर्थ माणूस आपल्या परीने लावतो. गोरे डॉक्टर मुडद्यांतून मोमियाई काढतात, अशी आवई उठली. राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले म्हणून राणी चिडली आहे आणि तिला काळजे हवी आहेत, अशीही उठली. आज हसू येते खरे. मात्र अफवा कधी हवेतून उगवत नाही. ज्याच्याशी आपला रोटीचा, बेटीचा, उधारीचा, जनाज्याला खांदा देण्याचा कसलाच संबंध नाही, तो अचानक आपल्या भल्यासाठी आपल्या दारात उभा राहतो, तेव्हा ‘याला यात काय मिळते?’ हा प्रश्न पडतोच. मोमियाई हे त्या प्रश्नाचे लोकांनी शोधलेले उत्तर होते.

२९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलावर हल्ला केला. भंगी आणि हलालखोर शहर सोडून जातील की काय, अशी वेगळी धास्ती पालिकेला होती. ते गेले असते तर शहर आठवडाभरही राहण्याजोगे उरले नसते. कमिशनर स्नो यांनी महिनाअखेर सक्ती आवरती घेतली. जिच्या श्रमाशिवाय शहराचे चालत नाही अशा बिरादरीपुढे सरकार नमते, याची ही नोंद आम्हाला फार बोलकी वाटते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला हवा तो नियम करण्याची मुभा आहे, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदाराला संरक्षण आहे. रोग्याच्या घरच्यांना काय विचारावे, याबद्दल अक्षर नाही. त्याच सुमारास मुंबई-कराचीहून जाणारी हजची वाहतूकही बंद करण्यात आली. युरोपातील सरकारांना रोग पश्चिमेकडे पसरण्याची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण ज्या माणसाने आयुष्यभराची पुंजी एहरामसाठी बाजूला ठेवली होती, त्याला या निर्णयामागचे कारण समजावून सांगायला कोण गेले?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्यातही आहे आणि बाहेरही. मुसलमान साथीचे नियम पाळत नाहीत कारण त्यांचा धर्म तकदीरवर सोडतो, असे म्हटले जाते. मग अमवासच्या ताऊनचे काय? इ.स. ६३९ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे ताऊन असल्याची खबर आली. त्यांनी मुहाजिरांना बोलावले, अन्सारांना बोलावले, कुरैशच्या बुजुर्गांना बोलावले, सगळ्यांचे ऐकले आणि परत फिरण्याचा निर्णय केला. खुदाच्या तकदीरपासून पळता काय, असा सवाल हजरत अबू उबैदा यांनी केला, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण त्यानंतर तिथेच एका सहाबींनी सांगितली. म्हणजे अलगीकरण आपल्याला परके नाही. मदरशात शिकणारे पोरही हे सांगेल. आम्हाला या घटनेत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हुकूम देण्याआधी भरलेली ती मजलिस.

मुंबईत मजलिस भरवण्याची अक्कल एका लष्करी माणसाला सुचली, हे नवल आहे. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. घरझडत्या त्याच्याही काळात झाल्या, सोल्जर त्याच्याही बरोबर होते, त्याला संत करण्याचे कारण नाही. पण त्याने प्रत्येक जमातीच्या शेठियांना, पुढाऱ्यांना गाठले आणि आपापल्या लोकांसाठी आपापली हॉस्पिटले काढायला उत्तेजन दिले. पारशांचे, जैनांचे, खोजांचे, मेमनांचे अशी जमातवार हॉस्पिटले उभी राहिली. तिथे स्वयंपाकी आपला, पाणी आपले, शेजारच्या खाटेवर ओळखीचा माणूस. बायकांसाठी बायका ठेवण्याची सोय. वैद्य-हकिमांनाही मज्जाव नव्हता. तेथली खाट सरकारी खाटेपेक्षा फार गुणकारी होती असे नाही, पण लोक तिथे रोगी लपवण्याऐवजी आणू लागले. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे हॉस्पिटल काढले त्यामागचा हिशेबही हाच होता. साथ येताच शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले तेही योग्यच होते. पळालेल्या पुढाऱ्याचा शब्द कोण ऐकणार?

जमातीच्या धाग्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र खोजा जमातीचे. ओदेसाहून आलेल्या वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या चिंचोळ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाला. पण कैद्यांनी टोचून घेतले म्हणून मोहल्ला कशाला टोचून घेईल? शहरातले शिकलेसवरलेलेही कचरत होते. त्या वेळी सर सुलतान महंमद शाह आगाखान तिसरे जेमतेम विशीतले होते. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, आणि एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा. ही खबर जमातीत दूरवर पोचेल याची त्यांनी काळजी घेतली, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. हाफकिनला प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. हजारो खोजांनी लस घेतली. ही लस कायद्याने कोणावर लादलेली नव्हती, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. ज्याला ते इमाम मानत, ज्याच्याकडे निकाह, तलाक, वाटणी, सगळ्याचा निवाडा जात असे, त्याच्या उघड्या दंडावरची सुई त्यांनी पाहिली होती.

आता मदनपुऱ्याकडे वळू. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत अलाहाबाद, आझमगड, बनारस या भागांतून विणकर दक्षिणेकडे आले. काही मालेगावात राहिले, काही भिवंडीत, काही मुंबईत. स्वतःला ते मोमीन म्हणवीत, सरकार त्यांना जुलाहा म्हणे. इंग्रज अंमलदारांच्या लिखाणात ‘धर्मवेडा जुलाहा’ हा एक ठरलेला शिक्का होता. ज्ञानेंद्र पांडे यांनी या शिक्क्याची चांगली चिरफाड केली आहे. यंत्राच्या कापडाने ज्याच्या मागाखालची जमीन काढून घेतली त्याचा राग धर्माच्या खात्यावर लिहून टाकणे सोपे होते.

९ मार्च १८९८ रोजी तपासणीचे पथक रिपन रोडलगतच्या वस्तीत एका जुलाहा घरातील आजारी मुलीपर्यंत पोचले. परपुरुषाने तिला तपासू नये, असे घरचे म्हणाले. गाठ कुठे शोधतात ते वर सांगितलेच आहे, त्यामुळे त्यांचा नकार समजण्यासाठी पर्द्यावर प्रबंध लिहिण्याची जरूर नाही. गल्ली जमा झाली, दगड सुटले, पोलीस आले, गोळीबार झाला. मग दंगल मदनपुऱ्यापुरती राहिली नाही आणि जुलाह्यांपुरतीही राहिली नाही. युरोपियनांवर हल्ले झाले, दोन इंग्रज सोल्जर ग्रँट रोडकडे मारले गेले, जमावातलेही कित्येक प्राणास मुकले. पाठोपाठ गाडीवान आणि गोदीतले मजूर कामावर गेले नाहीत. ती मुलगी पुढे जगली की गेली, याचा मागमूस आम्ही वाचलेल्या कोणत्याही हकिकतीत नाही.

मुसलमान पुढाऱ्यांशी तर सरकारचे बोलणे चालू होते, मग हे का घडले? कारण ‘मुसलमान पुढारी’ म्हणजे शेठ. मेमन, खोजा, बोहरा, कोकणी. गलबतांचे, गोदामांचे, कापडाच्या पेढ्यांचे मालक. मदनपुऱ्याच्या विणकराशी त्यांचे नाते मशिदीत एका सफेत उभे राहण्यापुरते, आणि त्यांची मशीद बहुधा वेगळी. त्यांनी दिलेला शब्द मदनपुऱ्याला कसा बांधील राहणार? सरकारने सगळ्या मुसलमानांना एक गठ्ठा समजले, आणि शेठियांनीही, निदान सरकारदरबारी, तसे समजू दिले. विणकरांची आपली पंचायत होती, सरदार होते, चौधरी होते, पण त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांच्याकडे बंगले नव्हते. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. इस्लाममध्ये जातपात नाही असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ताऊनने ती कुठे आहे हे घराघरावर खूण करून दाखवले.

तरीही नात्यांचे गोडवे गाताना हात थोडा आखडता घ्यावा लागेल. जी बिरादरी रोग्याला हॉस्पिटलात पोचवते तीच त्याला माळ्यावर लपवतेही. मयत गुपचूप दफन करायला मदत करणारे हात शेजाऱ्यांचेच असत. आणि ज्या नियमांसाठी एवढा रक्तपात झाला ते नियम तरी कितपत बरोबर होते? प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो हे पॉल लुई सिमाँ याने कराचीत दाखवले ते १८९८ मध्येच, आणि ते मान्य व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. म्हणजे चुना, कार्बोलिक आणि गटारात सोडलेले समुद्राचे पाणी यांनी घरे धुतली जात होती, आणि उंदीर एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जात होते. सक्तीने प्लेग थांबला नाही, हे खरे. पण सक्ती सैल केल्यावरही तो थांबला नाही. एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात तेरा लाखांवर माणसे प्लेगने गेली. लसीचेही असेच. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर होईपर्यंत १९०७ उजाडले. विश्वास जमवायला जेवढा काळ लागतो त्याच्या शतांशात तो जातो.

थोडे विषयांतर करून एक गोष्ट नोंदवतो. याच प्लेगच्या वर्षी, रँड प्रकरणानंतर, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी नाकारलेला जामीन ४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना मंजूर केला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. हे मात्र आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही दरसाल फळ्यावर लिहून देतो.

मदनपुऱ्यानंतर झडत्यांचा जोर ओसरला, प्लेगचे काम पुन्हा पालिकेच्या हाती गेले. दोन वर्षांनी, एप्रिल १९०० मध्ये, कानपूरने तोच धडा नव्याने गिरवला. तिथे जमावाने अलगीकरणाची छावणी जाळली.

पुढे शंभर वर्षांनी पोलिओच्या थेंबांनी हाच प्रश्न परत आणला. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशात, आणि मुसलमान वस्त्यांत प्रमाण जास्त. थेंबांनी मुले पुढे नापैदा होतात, ही त्या वेळची मोमियाई. साठ-सत्तरच्या दशकांतली नसबंदीची सक्ती लोक विसरले नव्हते, एवढे लक्षात घेतले तर तिचे मूळ सापडते. मग जामिया मिल्लिया, अलीगढ, जामिया हमदर्द यांना सोबत घेतले गेले, इमामांनी जुम्याच्या खुतब्यात आवाहन केले, आणि सर्वांत मोठे काम मोहल्ल्यातल्याच बायकांनी केले. १३ जानेवारी २०११ ची हावड्याची केस ही देशातली शेवटची ठरली. पोलिओच्या ड्यूटीवर आम्हीही दारे ठोठावली आहेत. एका खोलीतून तीन फेऱ्यांत नकार आला होता. चौथ्या वेळी आतून आवाज आला, “अम्मी, हमारी टीचर हैं.” दार उघडले. त्या माउलीने पहिला प्रश्न केला तो आमच्या घरच्या मुलांना थेंब दिले की नाही, हा. दुसरा प्रश्न तिने केलाच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये १८९७ चा तोच कायदा फडताळातून बाहेर निघाला. निजामुद्दीनच्या तबलीगी मरकजवरून काही वाहिन्यांनी पूर्ण समाजाला रोगाचे दुसरे नाव करून टाकले. भाजीवाल्यांची नावे विचारली जाऊ लागली. त्या ऑगस्टच्या २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले, पण तोवर जे तुटायचे ते तुटले होते. ज्याला सकाळी टीव्हीवर शिव्या ऐकाव्या लागल्या त्याने दुपारी तपासणीच्या पथकाला दार कसे उघडावे? ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, सर्व मयतांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढले आणि काही तासांत मागे घेतले. तेवढे तास पुरेसे होते. नंतर दवाखान्यात जायला जी माणसे भ्याली ती मरणाला भ्याली नव्हती, कफन-दफन मिळेल की नाही याला भ्याली होती. ती भीती कोणत्याही पत्रकाने गेली नाही. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात पीपीई सूट घालून मयती उतरवणाऱ्या पोरांचे काम लोकांनी पाहिले, तेव्हा ती हटू लागली. त्या पोरांनी ज्यांना वाली नव्हता अशा हिंदू मयतांनाही अग्नी दिला.

लस आली तेव्हा मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत ती घेणारे कमी निघाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिमबहुल भागांत लसीसाठी सलमान खानची मदत घेण्याचे जाहीर केले. धर्मगुरूंचाही उल्लेख त्यांनी केला होता, पण मथळा झाला तो सलमानचा. आम्हालाही त्याचे सिनेमे आवडतात. पण आगाखानाने बाही वर केली तेव्हा त्याच्या समोर बसलेले लोक त्याचे मुरीद होते आणि दुसऱ्या दिवशी तो ताप येऊन पडला असता तर त्यांना कळले असते. सलमानला ताप आला की नाही, हे भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराने कोणाला विचारावे?

आमच्या भागातले शिबिर शाळेतच भरले होते. नावे लिहून घ्यायला आम्ही बसलो होतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रजिस्टरात अकरा नावे चढली. त्यांतली चार शाळेच्या शिपायाच्या घरची होती, आणि संध्याकाळी त्याच्याच गल्लीतल्या सहा बायका बुरखा सावरत रांगेत येऊन उभ्या राहिल्या.